सहा पंप, एक काच

४ जून

मास्तरीण,

मोबाइल भिंतीवर आपटला. भिंतीला काहीही झालेलं नाही. तेव्हा आता पत्र. हसू नकोस.

नोकरी लागली. आईच्या चुलतभावाचे मेहुणे इथल्या कारखान्यात फोरमन आहेत. आई त्यांच्यापुढे जाऊन रडली, तेव्हा ते म्हणाले, "पाठवा कार्ट्याला. पण कारखान्यात तोंड बंद ठेवायचं." मी त्यांना काका म्हणतो. ते मला 'ए' म्हणतात.

इथे खायच्या वस्तू पाकिटात घालून आतली हवा काढून घेतात. चीज, मासे, उकडलेला मका. एक लांबलचक मशीन आणि ती हवा ओढायला सहा व्हॅक्यूम पंप. पंप मशीनच्या मागच्या गल्लीत, आणि गल्ली अशी की मी खेकड्यासारखा आडवा चालतो. प्रत्येक पंपाच्या पोटात ऑइल असतं आणि पोटावर बाटलीच्या बुचाएवढी गोल काच. ऑइल त्या काचेत अर्ध्यावर दिसायला हवं. कमी झालं की पंप तापतो, फारच कमी झालं की जळतो. आणि ही काच कुणा शहाण्यानं गुडघ्याच्या खाली बसवली आहे. म्हणजे मशीन थांबवा, गल्लीत शिरा, आडवे पडा, टॉर्च मारा, बघा, उठा आणि पुढच्या पंपापाशी पुन्हा आडवे पडा. इतकी लोटांगणं तुझ्या दारात घातली असती तर तू केव्हाच हो म्हणाली असतीस.

पाचव्या पंपाला सगळे 'रडका' म्हणतात. मका गरम असतानाच पाकिटात जातो, त्याची वाफ हा ओढतो, आणि याचं ऑइल दुधासारखं पांढरं होतं. बाकीचे पाच कोरडं खातात, याच्या नशिबी वाफ. काका त्याचं ऑइल सारखं बदलतात आणि त्याचा उद्धार करतात. मला तो आवडतो. का ते तुला कळेल.

तू म्हणाली होतीस, "तव्या, एका ड्रॉइंगपायी कुणी कॉलेज सोडतं का?" एका ड्रॉइंगपायी नाही सोडलं. टायनं ते सगळ्या वर्गापुढे टराटरा फाडलं आणि तू पहिल्या बाकावर खाली मान घालून बसलीस, त्यापायी सोडलं. जाऊ दे. विभागप्रमुखाच्या गळ्यात अजून तोच निळा टाय आहे का?

लवकर लिही. रोज पोस्टमनच्या मागे धावलो तर लोक मला वेडा म्हणतील. आताही म्हणतातच.

तुझाच,
तवा


१५ जून

तव्या,

पत्र मेसच्या टेबलावर पोचलं आणि माझ्याआधी चार जणींनी वाचलं. लोटांगणाची जागा त्यांना पाठ झाली आहे. यापुढे पाकीट नीट चिकटवत जा.

सरांना टाय म्हणू नकोस. मी त्यांच्याकडेच शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करते आहे. त्यांना प्रत्यक्ष कारखान्यातला प्रश्न हवाय आणि माझ्याकडे काहीच नाही. सगळ्या मुलांनी कुणाच्या ना कुणाच्या मामाचा कारखाना धरून ठेवलाय. माझे मामा शिंपी आहेत.

तुझे पंप मात्र डोक्यातून जात नाहीत. सहा ठिकाणी बघायचं, सहा ठिकाणी भरायचं, त्यासाठी मशीन थांबवायचं. हे सोपं करता येणार नाही? पंपांबद्दल अजून लिही. बाकीचं थोडं कमी लिहिलंस तरी चालेल.

मास्तरीण


२ जुलै

मास्तरीण,

"अजून लिही" हे दोन शब्द मी इतक्यांदा वाचले की कागदाला घडीवर भोक पडलं. पुढचं वाक्य माझ्यासाठी नव्हतंच, असं मी धरून चाललोय.

आता ऐक. आमच्या कुंपणापाशी भिंत बांधतायत. गवंड्याच्या हातात एक लांब पारदर्शक नळी, नळीत पाणी. एक टोक इकडच्या खांबाला, दुसरं टोक तिकडच्या. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर येऊन उभं राहतं. मी डबा हातात घेऊन बघतच राहिलो. गवंडी म्हणाला, "काय रे, नळी कधी पाहिली नाहीस?" पाहिली होती, पण डोक्यात शिरली नव्हती.

सहा पंपांची पोटं खालून एकाच नळीनं जोडायची. नळीच्या टोकाला गल्लीच्या बाहेर एक छोटी टाकी, तिला एकच मोठी काच. टाकीत जी पातळी तीच सहाही पोटांत. गल्लीत शिरायला नको, आडवं पडायला नको, मशीन थांबवायला नको. बघायचं एका ठिकाणी, भरायचं एका ठिकाणी. बास!

फक्त रडका यात नको. नीट वाच, खाली रेघ मारतोय. त्याचं ऑइल पांढरं होतं. तो नळीला जोडला तर त्याचं पाणी सगळ्यांच्या पोटात जाईल. पाच एकत्र, रडका वेगळा, त्याला त्याची स्वतःची काच.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हे तुझ्या डोक्यातून निघालं? मग कॉलेजनं तुला काढलं की तू कॉलेजला?" त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ झालं.

ड्रॉइंग तू कर. तुझी रेघ सरळ येते, माझी कधी आली नाही. प्रोजेक्ट तुझं, पास तू हो. मला एकच हवं. खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत दोघांची नावं. माझं वर नको, तुझ्या शेजारी कुठेही चालेल. आपली नावं शेजारी शेजारी छापलेली दिसली की पुढचं सगळं मी निभावून नेईन. पुढचं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तुला माहीत नाही असं अजून एकदाही तू म्हणालेली नाहीस.

तुझाच,
तवा


२८ जुलै

तव्या,

ड्रॉइंग झालं. सर खूश आहेत. कधी नव्हे ते खुर्चीतून उठून माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी तुमच्या मॅनेजरांना फोन केला आणि मॅनेजर चक्क हो म्हणाले. पुढच्या महिन्यात बसवणार आहेत.

रडक्याचं मी सरांपुढे काढलं होतं. ते म्हणाले, "एक पंप बाहेर ठेवला की मग सोपं काय केलं? सहा पंप, एक टाकी, एक काच. हे एका वाक्यात सांगता यायला हवं." टाकीत गाळणी बसवली की झालं, असं त्यांचं म्हणणं. मी थोडा वाद घातला, फार नाही. काकांनी प्रत्येक पंपाच्या नळीला एक कॉक मागितला होता, म्हणजे पंप दुरुस्तीला काढताना बाकीचं ऑइल वाहून जायला नको. तो ठेवलाय. गल्ली पत्र्यानं बंद करून कुलूप लावणार आहेत. आता आत जायची गरजच नाही.

नावाचं बघू. चौकट सरांनी स्वतःच भरली आहे.

तुला राग येणार हे माहीत आहे. आला तर आधी पाणी पी, मग लिही.

मास्तरीण


९ ऑगस्ट

मास्तरीण,

पाणी प्यायलो. तांब्याभर. राग तसाच आहे.

गाळणीनं पाणी गाळलं जात नाही! ऑइलात मिसळलेलं पाणी म्हणजे काय चहातली पत्ती आहे? त्या माणसानं जन्मात एकदा तरी पंपाच्या पोटात बोट घातलंय का? आणि तू! "थोडा वाद घातला, फार नाही." तुझा सगळा स्वभाव या पाच शब्दांत आला.

हे लिहून दोन दिवस तसंच ठेवलं होतं. फाडणार होतो. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. सरांपुढे तू रडक्याचं नाव घेतलंस. टायच्या त्या थंडगार खोलीत माझ्या रडक्याचं नाव! म्हणजे मी काय लिहितो ते तू वाचतेस, आणि जपून ठेवतेस.

तुझी व्यवस्था बिघडू देणार नाही. रडक्याचं मी बघतो. कसं ते विचारू नकोस.

तुझाच,
तवा


२० सप्टेंबर

तव्या,

बसवून महिना होत आला आणि मॅनेजरांचं पत्र आलंय की तक्रार म्हणून नाही. टाकीतलं ऑइल मधासारखं स्वच्छ. सरांनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. म्हणजे रडक्याबद्दलची तुझी भीती उगाचच होती की नाही? सगळ्यांत मिसळल्यावर तोही सुधारला बहुतेक. मला मनापासून बरं वाटलं. माझ्यासाठी आणि तुझ्यासाठीही.

शुक्रवारी सर आणि मी कारखान्यात येतोय. मॅनेजर बाकीच्या विभागांच्या लोकांना व्यवस्था दाखवणार आहेत. धुतलेले कपडे घाल. आणि त्या दिवसापुरतं तरी काकांचं ऐकून तोंड बंद ठेव.

मास्तरीण


३० सप्टेंबर

तुला काय म्हणून हाक मारायची ते आज सुचत नाही.

धुतलेला शर्ट घातला होता. तू पाहिलास का? तिसऱ्या रांगेत होतो मी, ऑइलचा डबा घेऊन. टाय टाकीवर हात ठेवून म्हणाला, "आमच्या विभागाची ही कल्पना." विभागाची! भिंतीला टांगलेल्या ड्रॉइंगवर तुझं नाव, त्याच्यावर त्याचं. चौकटीत जागा उरली होती, तीही मी बघितली. मग मॅनेजर म्हणाले, "आणि या मॅडम परीक्षा झाली की नोव्हेंबरपासून आमच्याकडेच इंजिनिअर म्हणून येतायत." टाळ्या. मला हे टाळ्यांत कळलं. तुला केव्हापासून माहीत होतं? वीस तारखेच्या पत्रात कपडे धुवायला सांगितलंस, हे सांगायला शाई संपली होती?

तरीही मी गप्प बसलो असतो. खरंच. पण मॅनेजरांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "हा का असा बघतोय? कोण हा?" आणि तू म्हणालीस, "इथला हेल्पर आहे." माझ्याकडे न बघता.

पुढचं तू पाहिलंसच. टायच्या टायवर ऑइल ओतलं, त्याचं मला वाईट वाटत नाही. थोडं तुझ्या बुटांवर उडालं, त्याचं वाटतं.

निलंबित केलंय. काका दंडाला धरून गेटपर्यंत घेऊन आले. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "पंपांचं काही सांगायचं राहिलंय का रे?" त्यांनी मला पहिल्यांदाच 'ए' म्हटलं नाही. मी म्हणालो, "त्या मॅडमना विचारा."

राहिलंय. एक गोष्ट अशी आहे जी फक्त मला माहीत आहे. ती हवी असेल तर तुला इथे यावं लागेल. किराणा दुकानाच्या शेजारचा जिना, वर डावीकडचं दार. पत्रातून सांगणार नाही. तू ये, समोर बस, मग सांगतो. मी कुठे जात नाही.

तवा


१४ ऑक्टोबर

तव्या,

रडका जळला.

मंगळवारी दुपारी मक्याची लाइन चालू असताना धूर आला. हॉल रिकामा करावा लागला. पत्रा काढून आत गेले तर पंप जाम झालेला, पोटात थेंब नाही. आणि बाहेरच्या टाकीची काच? अर्ध्यावर. अगदी हवी तिथे. सकाळीच कुणीतरी ती बघून बरोबर असल्याची खूण केली होती.

रडक्याच्या नळीचा कॉक बंद सापडला. सगळे म्हणतायत की जाताना सूड म्हणून तूच तो बंद केलास. पत्र्याची किल्ली काकांकडे असायची, म्हणून त्यांच्यावरही आलंय. त्यांना फोरमनच्या जागेवरून काढून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. नटबोल्ट मोजून देतात. मला चौकशीला बोलावलं होतं, तेव्हा खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मलाच नजर वळवावी लागली.

तू लिहिलं होतंस, एक गोष्ट फक्त तुला माहीत आहे. मला वाटलं, ती नेहमीचीच गोष्ट. जी तू प्रत्येक पत्रात लिहितोस. ती ऐकायला मी एवढा जिना चढून कशाला येऊ?

तू बंद केलास का? सरळ उत्तर दे.

मास्तरीण


१८ ऑक्टोबर

सरळ उत्तर. हो, मीच बंद केला.

सूड म्हणून नाही. बसवला त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत बंद केला. काकांकडून किल्ली मागून घेतली. किल्ली दिली, कशाला ते विचारलं नाही. रोज पत्रा काढून आत जायचो, आडवा पडायचो, रडक्याच्या जुन्या काचेत बघायचो आणि हातानं ऑइल भरायचो, बदलायचो. तुझी टाकी मधासारखी दिसत होती ती त्यामुळे. ती सहा पंपांची काच कधीच नव्हती, पाचांची होती. 'रडक्याचं मी बघतो' असं लिहिलं तेव्हा तुला वाटलं काय, मी त्याची समजूत घालतोय?

तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मी महिनाभर त्या गल्लीत कुशीवर पडून होतो. तू त्याला 'सुधारला' म्हणालीस.

आणि गेटवर काकांनी विचारलं तेव्हा तोंड उघडलं असतं तर? रोज तेच डोक्यात येतं. "काका, पाचव्याला हातानं भरा", एवढंच तर बोलायचं होतं. पण मी ते शब्द तुझ्यासाठी राखून ठेवले. म्हटलं, तू येशील. खोली झाडली. शेजारून दुसरी खुर्ची मागून आणली. जिन्यावर पाऊल वाजलं की उठत होतो. तिकडे तो कोरडा होत होता आणि मी इकडे दाराकडे बघत बसलो होतो.

काकांना त्यांच्या जागेवर परत आणणं तुझ्या हातात आहे. तुझं ऐकतील. रडका वेगळा ठेवायला हवा होता आणि तुला तसं सांगितलं होतं, एवढंच बोल.

तवा


११ नोव्हेंबर

तवा,

आधी तुला जे ऐकायचं नाही ते सांगते. मी ते बोलले नाही. चौकशीत विचारलं, कॉक कुणी बंद केला? मी म्हणाले, हेल्परनं. ते खरंच आहे. का केला, ते कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरांचं नाव गेलं असतं, त्यांच्यामागोमाग माझी नोकरी. घरात कमावणारी मी एकटीच असणार आहे. हे कारण पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

दुसरं. तू माझ्यावर प्रेम करतोस हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. मी कधी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही, कारण नाही म्हटलं असतं तर पत्रं थांबली असती, आणि मला पंप हवे होते. 'अजून लिही' त्यासाठीच लिहिलं होतं. तू त्याचा काय अर्थ लावशील हे मला कळत होतं.

आता मी इथे रुजू झालेय. तुझ्या काकांची खोली मला दिलीय. नवा पंप आणून कॉक उघडला आणि आठवड्याभरात टाकी पांढरी झाली. सहाही पोटं पांढरी. पाकिटांत हवा राहायला लागली, माल परत येतोय. सरांना फोन केला तर म्हणतात, मोठी गाळणी लावा. मॅनेजरांना दुसऱ्या हॉलमध्येही हीच व्यवस्था हवीय, आणि ती पुढच्या महिन्यात.

रडक्याचं नक्की काय करायचं? तू त्याचं ऑइल महिनाभर कसं धरून ठेवलंस? मी तिकडे यायला तयार आहे. जिना चढून येईन. वार सांग.

मास्तरीण


१६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप काकांस,

शिरसाष्टांग नमस्कार. गेटवर तुम्ही विचारलंत आणि मी उलट उत्तर दिलं. त्याची माफी कागदावर मागून भागणार नाही हे कळतं. पण समोर आलो तर मी नुसताच उभा राहीन, म्हणून लिहितोय. आईला हे दाखवू नका. तिला वाटतं, तुम्ही आपणहून बदली मागितली.

आता कामाचं. सगळी टाकी रिकामी करायची, सहाही पोटं धुवायची, नवं ऑइल. टाकीची नळी पाचांनाच ठेवायची. रडक्याला वेगळी छोटी टाकी द्यायची. गल्लीत नको, बाहेर भिंतीवर, उभ्यानं डोळ्यासमोर येईल अशी, आणि तिला तिची काच. मक्याची लाइन थांबली की त्याला लगेच बंद करायचं नाही. त्याच्या डोक्यावर हवेची बारीक चावी आहे, ती उघडून अर्धा तास मोकळा फिरू द्यायचा. गरम असतो, आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. मी हेच करत होतो. सगळे चहाला गेले की तो एकटाच गुरगुरत असायचा, तुम्ही ऐकलं असेल. दोन टाक्या, दोन काचा. एका वाक्यात नाही बसत, पण चालेल.

हे तुमच्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. नव्या मॅडम तुमच्या खिडकीशी येतील. त्यांना खिडकीतून काही सांगायचं नाही. म्हणायचं, "मला बसल्या जागी आठवत नाही, पंपापाशी उभा राहिलो की आठवतं." मॅनेजर आले तरी हेच. किल्ली हातात पडेपर्यंत तुमची स्मरणशक्ती गेलेली आहे असं समजा. तोंड बंद ठेवायचं तुम्हीच मला शिकवलंत. मला जमलं नाही. तुम्हाला जमेल.

मी दुसरीकडे काम बघतोय. पंप नसलेलं.

आपला,
ए


१६ नोव्हेंबर

मॅडम,

पत्र पोचलं. रडक्याची पूर्ण माहिती स्टोअरमधल्या काकांना आहे, त्यांना विचारा. जिना चढून यायचे कष्ट घेऊ नका, खोली सोडतो आहे.